करोनाच्या हवाई सपाता: तसं रबर आता मिळतं का?

खाडीकाठ

पुळणीवर चालायला निळ्या पट्ट्याच्या हवाई सपातेइतकं सोयीचं पायताण दुसरं झालं नाही, असं माझं ठाम मत आहे. वाळू आत गेली तर नुसता पाय झटकायचा. लाटेत भिजली तर एकमेकींवर दोनदा आपटल्या की पाणी गेलं. हातातून निसटून पाण्यात पडली तरी ती बुडत नाही, तरंगत काठाला येते. आपल्याकडे हा जोड मागताना बाटा नाहीतर करोना ही नावं तोंडात असत. बाटा अजून आहे. जोगेश्वरीला कारखाना असलेली करोना बाजारातून जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, आणि २०२० नंतर त्या शब्दाला दुसराच अर्थ चिकटला. आता करोनाच्या जुन्या जाहिराती शोधायला गेलं की साथीच्या बातम्याच समोर येतात. म्हणून या चपलेबद्दलची नेमकी माहिती मराठीत एका ठिकाणी राहावी असं वाटतं.

ज्यांनी ती पाहिलीच नाही त्यांच्यासाठी: वरचा थर पांढरा, त्यावर पाय घसरू नये म्हणून बारीक दाणे. खालचा जाड थर निळा. पट्टेही निळे. नव्या जोडाला बाजूने पाहिलं की पांढरी रेघ आणि निळी रेघ सरळ एकमेकींवर बसलेली दिसत. वापरता वापरता टाच, चवडा आणि अंगठा या तीन ठिकाणी पांढरा थर झिजे आणि खालून निळं उघडं पडे. घरातल्या दहा जोडांत कुठला कुणाचा, हे त्या निळ्या ठशावरून ओळखू येई.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. एक, ते रबर नेमकं काय होतं आणि आताच्या स्लिपर तशा का लागत नाहीत. दोन, आज घ्यायची झाली तर पारख कशी करायची. तीन, पट्टा निघाला किंवा भोक मोठं झालं तर घरच्या घरी काय करता येतं.

पायताण

आधी नावाचा घोळ मिटवू. हवाई म्हणजे हवेसारखी हलकी असा अर्थ पुष्कळ जण लावतात. नाव हवाई बेटांवरून आलं आहे. जपानी झोरी ही अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा असलेली चप्पल जपानी स्थलांतरितांबरोबर त्या बेटांवर गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रबरी रूपात जगभर पसरली. ब्राझीलमध्ये १९६२ साली निघालेल्या हवायानास या छापाचं नावही तेच सांगतं, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ हवाईच्या बायका. त्यांच्या तळव्यावरचे तांदळाच्या दाण्यासारखे उठाव झोरीच्या गवती विणीवरूनच घेतलेले. आपल्या सपातेवरचे दाणे त्याच घराण्यातले.

रबरवाला

खाडीकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबणार आहे. पण ते समजलं की पारख आपोआप येते.

जुनी हवाई ज्या रबराची असे त्याला धंद्यात मायक्रोसेल्युलर शीट किंवा नुसतं हवाई शीट म्हणतात. रबराच्या आत डोळ्यांना नीट न दिसणारे लाखो बंद बुडबुडे. ते बंद असतात, एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि चप्पल तरंगते. अंघोळीच्या स्पंजमध्ये बुडबुडे उघडे असतात, तो पाणी पितो. सगळा फरक एवढाच.

बनवायची रीत अशी. नैसर्गिक रबर दोन रुळांच्या मिलवर मऊ करायचं. त्यात कडकपणासाठी हाय स्टायरीन रेझिन, भरणीला चायना क्ले, मग झिंक ऑक्साइड, स्टिअरिक अ‍ॅसिड, रंग, आणि फुगवण्यासाठी डीएनपीटी नावाची भुकटी. तापली की तिच्यातून नायट्रोजन निघतो. गंधक आणि त्याला वेग देणारी द्रव्यं सगळ्यात शेवटी, कारण ती आधी घातली तर माल मिलवरच पिकायला, म्हणजे गंधकाने पक्का व्हायला लागतो. पांढरा आणि निळा असे दोन कच्चे थर वेगवेगळे लाटून, एकावर एक ठेवून साच्यात घालतात. साधारण १५० अंश सेल्सिअसला, दाबाखाली, आठ-दहा मिनिटं. दोन्ही थर एकत्र पिकतात. मध्ये गोंद नसतो, म्हणूनच तो पांढरा थर झिजायचा पण कधी सुटून यायचा नाही.

इथे एक बघण्यासारखी गोष्ट घडते. प्रेस उघडली की दाबलेला वायू एकदम मोकळा होतो आणि शीट साच्यातून टुणकन उडी मारून बाहेर येतं, साच्यापेक्षा चांगलंच मोठं होऊन. प्रेस सावकाश उघडली तर शीटच्या कडा फाटतात किंवा ते वाकडं फुगतं. साचा पुरता भरलेला नसेल तर आत मोठे फुगे धरतात आणि तिथे चप्पल पोकळ लागते.

बाहेर आलेलं शीट नंतर हळूहळू आकसतं. ते आकसणं कारखान्यातच पुरं व्हायला हवं. त्यासाठी शीट गरम खोलीत काही तास ठेवतात आणि मग थंड होऊन स्थिर होऊ देतात. त्यानंतरच डायने, म्हणजे तळाच्या आकाराच्या पात्याने, तळ कापायचे. ज्याला घाई असते तो हीच पायरी गाळतो. मग दुकानात सात नंबर असलेली चप्पल उन्हाळा संपेपर्यंत साडेसहाची होते आणि टाच मागे लोंबते. स्वस्त स्लिपर 'आटली' अशी तक्रार येते तिचं कारण हे, पाण्याने रबर आटत नाही.

दुसरी काटकसर भरणीत. रबर महाग, चायना क्ले आणि खडूची भुकटी स्वस्त. शिवाय कापल्यावर उरलेल्या शीटच्या कडा दळून ती भुकटी खालच्या थरात पुन्हा घालतात. थोडी घातली तर काही बिघडत नाही, ती रीतच आहे. प्रमाण वाढलं की चप्पल जड होते, कडेला नखाने भुगा निघतो आणि चवड्याच्या रेषेत आडवी चीर जाते.

आताच्या बऱ्याच स्लिपर रबराच्या नसतातच. त्या ईव्हीए नावाच्या फुगवलेल्या प्लास्टिकच्या असतात. ईव्हीए हलकं, रंग सुंदर घेतं, साच्यातून झटपट निघतं. पण सतत दाब पडला की त्यातले बुडबुडे चेपतात ते पुरते परत फुगत नाहीत. सहा महिन्यांत टाचेखाली पातळ पापुद्रा उरतो. गंधकाने पिकवलेलं रबर चेपलं तरी उसळून वर येतं. जुन्या सपाता घासून घासून संपायच्या, चेपून संपायच्या नाहीत.

खाडीकाठ

हे वाचून फार आनंद झाला. उन्हात गाडीत राहिलेल्या स्लिपर लहान होतात त्याचं कारणही हेच का?

रबरवाला

नाही, ते वेगळं. बंद गाडीत उन्हाळ्यात ६०-७० अंशांपर्यंत तापतं. ईव्हीए तेवढ्यानेच मऊ पडतं आणि आत ताणलेलं असतं ते सैल होऊन आकसतं. कडा वर वळतात. एकदा आटलेली ईव्हीए चप्पल पूर्ववत होत नाही. पिकवलेल्या रबराचं त्या तापमानाला काही बिघडत नाही, फक्त ऊन वर्षानुवर्षं लागलं तर पृष्ठभाग कडक होऊन बारीक भेगा पडतात.

दुकान_चिपळूण

पारख सांगतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होते.

अंगठ्याचं नख टाचेच्या मध्यावर जोराने दाबून पाच सेकंद धरा आणि सोडा. रबर लगेच भरून येतं. ईव्हीएवर खूण रेंगाळते. नंतर चप्पल दोन्ही हातांनी वाकवून पुढचं टोक टाचेला लावा आणि सोडून द्या. चांगलं रबर झटक्यात सरळ होतं. वाकवलेल्या जागी पांढुरकी रेघ दिसली तर भरणी जास्त आहे, घेऊ नका. मग वास. रबराला गंधकाचा हलका वास असतोच, त्याला घाबरू नका. रॉकेलसारखा उग्र वास मात्र नको. वजनाचा अंदाज घ्या: रबरी जोड ईव्हीएपेक्षा हाताला स्पष्ट जड लागतो, पण पाण्यात टाकला तर तरंगायलाच हवा.

रबरी हवाई चपलेला आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०७०२. तळावर किंवा खोक्यावर आयएसआय खूण आणि हा क्रमांक असेल तर माल रबरी हवाई म्हणूनच तपासलेला आहे. कोट्टायमचं पॅरागॉन, दिल्लीचं रिलॅक्सो, बाटा, सगळ्यांचे आता रबरी आणि ईव्हीए दोन्ही प्रकार असतात. त्यामुळे नुसतं नाव सांगून मागू नका, 'रबरी हवाई, पट्टा बदलता येणारी' असं म्हणा.

नंबराबद्दल. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलीमीटर. सपातेत टाचेमागे अर्धा-एक सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. पुळणीसाठी जागा सोडण्याच्या नादात एक नंबर मोठी घेऊ नका. मोठ्या चपलेची टाच जास्त आपटते आणि पावसात पाठीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडतात. पाऊल उचलताना मागचं टोक सैल राहून पाणी वर भिरकावतं, ते टोक जितकं लांब तितका मारा जास्त. विजारीच्या मागच्या ठिपक्यांचं गणित एवढंच.

वेंगुर्ल्याची

समुद्राच्या बाजूने थोडं. खाऱ्या पाण्याने रबर खराब होतं हा गैरसमज आहे, मीठ रबराला काही करत नाही. वाळलेलं मीठ आणि बारीक वाळू पट्ट्याच्या भोकात अडकते आणि चालताना कानशीसारखी घासते. भोक मोठं होतं ते यामुळे. किनाऱ्यावरून आल्यावर चप्पल उलटी करून तिन्ही भोकांवर गोड्या पाण्याची धार सोडा, पट्टा वरखाली दोनदा ओढा. एवढं केलं तर पट्टा निघण्याचा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

रबराचं खरं वैर तेलाशी. होडीवर डिझेल सांडलेलं असतं, त्यात उभं राहिलं की तळ फुगतो, मऊ होतो आणि दाणे पुसले जातात. खोबरेल तेलही रबर हळूहळू फुगवतं. त्यामुळे पट्टे मऊ राहावेत म्हणून तेल चोळणं बंद करा. होडीवर रोज काम असेल तर पीव्हीसीचे पट्टे बरे, त्यांना तेल तितकं लागत नाही.

आणि तळाची नक्षी गेली की ती चप्पल घाटीवर, जांभ्याच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर वापरूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या शेवाळावर गुळगुळीत रबर काचेसारखं सरकतं. पट्टा धड आहे म्हणून झिजलेली चप्पल पायात ठेवली जाते आणि मनगटं मोडतात. नक्षी तपासायला एक रुपयाचं नाणं आडवं घासून पाहा. नाणं कुठेच अडकत नसेल तर ती चप्पल न्हाणीघराबाहेरच्या कोरड्या अंगणापुरतीच.

आरी_रापी

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. गटई कामगाराकडे हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तिथेच करून घ्यावं, त्या हातांना सवय असते. पण घरी करायचं झालं तर नीट करा.

पट्ट्याला तीन टोकं असतात, एक अंगठ्याच्या बेचक्यातलं आणि दोन बाजूंची. प्रत्येक टोकाला आधी बारीक मान, मग गोल चकती, आणि नव्या पट्ट्याला चकतीखाली निमुळती शेपटी. शेपटी फक्त ओढण्यासाठी असते. तळाला खालून प्रत्येक भोकाभोवती उथळ वाटी असते, चकती तिच्यात बसते म्हणून जमिनीला लागत नाही.

जुना पट्टा काढताना चकती खालून ब्लेडने कापून टाका आणि मान वर ओढा. अख्खी चकती जबरदस्तीने भोकातून वर ओढली तर भोक तिथेच फाटतं. जुना पट्टा लगेच फेकू नका. नव्याच्या शेजारी ठेवून लांबी पाहा, आणि दोन बाजूंत फरक असेल तर कुठली बाजू करंगळीकडे होती ते लक्षात ठेवा.

नवा पट्टा पीव्हीसीचा असेल तर कढत पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मऊ पडतो. रबरी असेल तर गरम पाण्याने फारसा फरक पडत नाही, तिथे साबण कामाला येतो. भोकात आणि टोकावर साबणाचं दाट पाणी लावा. तेल नाही, वर कारण आलंच आहे. आधी पुढचं टोक. शेपटी वरून भोकात घाला, खालून पकडीने धरा आणि सरळ ओढण्याऐवजी डावीउजवीकडे पिळत पिळत ओढा. चकती घडी पडून आत शिरते आणि खालच्या वाटीत 'टप्' करून उघडते. तो आवाज आला नाही तर ती अर्धी अडकलेली आहे, चालताना निघणार. शेपटी आखूड पडत असेल तर तिला मजबूत सुतळी बांधा, सुतळी आरीने भोकातून खाली घ्या आणि ती ओढा. मग दोन्ही बाजूंची टोकं. पाय घालून दहा पावलं चाला, तिन्ही चकत्या वाटीत सपाट बसल्यात हे बघा, मगच शेपट्या कापा. कापताना चकतीपासून दोन-तीन मिलीमीटर सोडा. अगदी लागून कापलं तर चकतीला चीर जाते.

नवा पट्टा बेचक्यात टोचतो, फोड येतो. पट्ट्यावर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची उभी रेघ राहिलेली असते, ती कारण. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती रेघ घासून टाका. भोक मोठं होऊन चकती वर निघत असेल तर...

खाडीकाठ

सेफ्टी पिन! चकतीच्या वर मानेतून आडवी पिन.

आरी_रापी

पिन घरी पोचेपर्यंत ठीक. दोन अडचणी आहेत. खाऱ्या पाण्यात ती आठ दिवसांत गंजते, आणि मानेत पाडलेल्या छिद्रापासूनच पुढे मान तुटते. म्हणजे पट्टाही जातो.

पक्का उपाय असा. सायकलच्या जुन्या ट्यूबची तीन सेंटीमीटर व्यासाची चकती कापा, मध्ये मानेपेक्षा बारीक भोक. तळाची वाटी आणि ट्यूबची चकती दोन्ही खरखरीत घासा, पंक्चरचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा आणि बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतकं वाळू द्या, पाच-दहा मिनिटं. ओलं असताना चिकटवणं ही नेहमीची चूक. दाबून बसवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पट्टा त्या नव्या भोकातून ओढा. वाटीत जागा असेल तर ट्यूबच्या दोन चकत्या एकावर एक चालतात. हा उपाय रबरी तळालाच. ईव्हीएला पंक्चरचं सोल्युशन नीट धरत नाही, आठवड्यात सुटतं.

सोल्युशन नसेल तर तेलाच्या प्लास्टिक डब्याचा तुकडा घ्या, दोन रुपयांच्या नाण्याएवढा गोल कापा, मध्ये भोक आणि भोकापासून कडेपर्यंत एक चीर. ती चीर उघडून चकती मानेवर सरकवा, मूळ चकती आणि तळ यांच्या मध्ये. भार मोठ्या जागेवर वाटला जातो. कडा गोल घासायला विसरू नका, नाहीतर तीच कडा मान कापते. लोखंडी वायसर घालू नका, गंजतो. पितळी चालेल.

पायताण

यातच आताच्या चपलांचं मोठं न्यून आहे. दोन थरांमध्ये पट्टा दाबून चिकटवलेल्या ज्या 'आरामदायी' चपला मिळतात, त्यांना भोकच नसतं. एक टोक सुटलं की अख्खा जोड कचऱ्यात. आणि पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ असेल तर तो न वापरताही जातो. हवेतल्या दमटपणाने पीयूचे बंध तुटतात, तीन-चार वर्षं कपाटात ठेवलेली चप्पल पायात घातल्याबरोबर भुगा होते. कोकणच्या हवेत तर लवकरच. जपून ठेवण्याने ती वाचत नाही.

वेंगुर्ल्याची

जुना रबरी जोड कुणाकडे शिल्लक असेल तर ठेवण्याबद्दल: साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. पांढरा थर उजळायला खाण्याचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश पुरतो, ब्लीचने रबर पिवळं पडून कडक होतं. पट्ट्यांना शंखजिऱ्याची पूड लावा म्हणजे ते चिकटत नाहीत. दोन चपला एकमेकींवर दाबून, पट्टे मुडपून ठेवू नका. रबर ताणलेलं किंवा वाकलेलं राहिलं की नेमकी तिथेच भेग पडते.

दुकान_चिपळूण

आणि तळ पुरता गेला तरी फेकू नका. त्या शीटची गोल चाकं कापून, मध्ये खराट्याची काडी घालून पोरांच्या गाड्या व्हायच्या त्या उगाच नाही. रबर असल्यामुळे चाक जमिनीला धरतं आणि काडीवर घट्ट बसतं. जाळ्याला तरंग म्हणून तुकडे बांधता येतात, टेबलाच्या पायाखाली, हलणाऱ्या दाराच्या फटीत चालतात. कापताना ब्लेड पाण्यात बुडवत राहा. कोरडं ब्लेड रबरात अडकतं आणि चाक वाकडं होतं.

खाडीकाठ

शेवटचा प्रश्न. नुसते पट्टे मागायचे तर काय सांगायचं? नंबर असतो का?

आरी_रापी

असतो, पण कंपनीगणिक थोडा हलतो. म्हणून चप्पल बरोबर न्या. निदान तळावरचं माप घेऊन जा: पुढच्या भोकापासून दोन्ही बाजूंच्या भोकांपर्यंतचं अंतर, तळाची जाडी आणि भोकाचा व्यास. जाडी सगळे विसरतात. मान तळाच्या जाडीपेक्षा आखूड असेल तर चकती वाटीत उघडत नाही, आणि लांब असेल तर पट्टा पायावर सैल पडतो. पट्टा रबरी आहे का हे पाहायला दोन बोटांत धरून ताणा: रबर दुप्पट होऊन लगेच परत येतं, पीव्हीसी सावकाश येतं. चपलांच्या घाऊक बाजारात आणि गटईच्या सामानाच्या दुकानांत निळे अजून मिळतात. नाहीच मिळाले तर काळे घ्या, रंगाने टिकण्यात फरक पडत नाही. दोन जोड जास्त आणून शंखजिऱ्यात ठेवा.